राइस मिलच्या आवारात भरणारा वर्ग

गोंदियाचा राइस मिलवाला रोज सकाळी काही निर्णय घेतो. बॉयलरमध्ये भुसा किती जाळायचा, भिजवणीच्या टाकीतले पाणी कधी आणि कुठे सोडायचे, राखेची ट्रॉली कोणत्या मोकळ्या जागेवर रिकामी करायची, ओलसर धान आज घ्यायचे की दोन दिवस थांबायचे. हे निर्णय तो धंद्याच्या हिशेबाने घेतो आणि त्यात गैर काही नाही. पण जवळच्या नाल्याचे पाणी, शेजारच्या वस्तीची हवा आणि पलीकडच्या बांधीची माती यांचे बरेवाईट याच निर्णयांवर ठरते. पाच जूनला, पर्यावरण दिनी लावलेल्या रोपांनी त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून जिल्ह्यातल्या उद्योजकांना पर्यावरणाच्या कामात पुढाकार घ्यायला शिकवायचे असेल, तर शिकवणीची सुरुवात या सकाळच्या निर्णयांपासून करावी लागेल.

हा लेख मिलमालक आणि व्यापारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. धंद्यात नुकत्याच उतरलेल्या मुलामुलींसाठी आहे. वाणिज्य आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांसाठीही आहे. असा प्रशिक्षणवर्ग कसा आखावा, त्यात काय शिकवावे आणि कोणी शिकवावे, हे इथे मांडतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: मालकाने आधी स्वतःच्या हाताने मोजायला शिकावे आणि मोजलेले आकडे आपल्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसांसमोर ठेवायला शिकावे. या दोन गोष्टी ज्याला आल्या, तो पुढारी झाला. ज्याला त्या आल्या नाहीत, त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लागली तरी गावाचे काही बदलत नाही.

आधी व्याप्ती लक्षात घेऊ. सरकारी धानाच्या भरडाईत मिलवाल्याने शंभर किलो धानामागे ६७ किलो साधा तांदूळ परत करायचा असतो, उष्णा म्हणजे उकडा असेल तर ६८ किलो. उरलेल्यात वीस-बावीस किलो भुसा, आठेक किलो कोंडा आणि बाकीची धूळ, काडीकचरा, ओलावा. आता रोज ८० टन धान भरडणारी एक मिल धरा. तिच्यातून दिवसाला १६ टन भुसा निघतो. त्यातला दहा टन बॉयलरमध्ये जळला, तर जळलेल्या भुशाच्या साधारण १८ टक्के, म्हणजे पावणेदोन टनांहून थोडी जास्त राख रोज पडते. शंभर दिवसांच्या हंगामात ही राख १८० टनांवर जाते. एका मिलची ही कथा. गोंदिया, आमगाव, गोरेगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यातल्या साऱ्या मिलचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. आणि १८० टन हा आकडा आपल्या मिलचा आहे, हे किती मालकांना ठाऊक असते? ठाऊक नसण्यात त्यांचा दोष म्हणावा तर त्यांना तो कोणी कधी विचारलेलाच नसतो. प्रशिक्षणाचे पहिले काम हा प्रश्न विचारण्याचे.

या जिल्ह्याला असा पुढाकार परका नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. पुढे मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले आणि मालगुजारी गेल्यावर त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव चिकटले. तलाव बांधणारा माणूस धान आणि ऊस पिकवणारा होता. पाणी हे त्याचे भांडवल होते. पण त्या पाण्यावर गावाचे निस्तार हक्क होते, ढिवरांची मासेमारी होती, पाळ दुरुस्त करायला सगळे गाव उतरत असे. म्हणजे एकाच्या धंद्याचा पाया आणि गावाची सोय ही एकाच पाळीवर उभी होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी घडी मोडली. अनेक तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले. मालगुजारीतले शोषण खरे होते. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाण्याचा मोठा वापर करणाऱ्याने पाण्याची मोठी जबाबदारी घ्यावी हा व्यवहार या मातीतला आहे. वर्गाची पहिली सहल एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर न्यावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

तिथे शिकवायला प्राध्यापक लागत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या महिलांनी तलावांतला बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. भंडाऱ्याच्या मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घेऊन या कामाला दिशा दिली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालायला लागते, पाणी गढूळ झाले की आधी कोणता मासा कमी होतो, हे या बायका बोटावर सांगतात. उद्योजकाने त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन बसावे आणि तासभर फक्त ऐकावे. ज्याला आपल्या मिलमधून बाहेर पडणारे पाणी पुढे कुठे जाते हे पाहायचे आहे, त्याला पाण्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाकडूनच ते कळते.

आता मुख्य अभ्यासक्रम. पहिले दोन महिने केवळ मोजणी करावी, उपाय एकही सुचवू नये. उपायांची घाई झाली की सोलरचे पॅनल बसतात, फोटो निघतात आणि गळती तशीच राहते.

विजेपासून सुरुवात करा, कारण तिचा आकडा दर महिन्याला घरी येतो. पण महावितरणच्या बिलावरून रुपये कळतात, कारभार कळत नाही. मिलवाल्याने काढायचा आकडा हा: एक क्विंटल धान भरडायला किती युनिट लागले. भरडाईचे रजिस्टर आणि मीटरचे आकडे समोर ठेवून दर आठवड्याला हा भागाकार करायचा. चार आठवड्यांत तो वरखाली होताना दिसेल, आणि तो का झाला हे शोधताना मालक प्रथमच आपल्या मिलमध्ये नव्या नजरेने फिरेल. सैल पट्टा, रिकामा फिरणारा एलिव्हेटर, चार वेळा रिवाइंड केलेली मोटर, नादुरुस्त कपॅसिटर. सॉर्टेक्स मशीनला दाबाची हवा लागते. त्या हवेची गळती ही जवळपास प्रत्येक मिलमधली लपलेली चोरी. ती पकडायला साधन लागत नाही. सुटीच्या दिवशी मिल बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. हवा कुठेच वापरली जात नसताना तो पुन्हा पुन्हा भार घेत असेल, तर तेवढी हवा गळते आहे. दहा मिनिटांत तीन मिनिटे भारावर चालला तर तीस टक्के गळती. मग साबणाचे पाणी घेऊन सांधे तपासा. दाबही विनाकारण चढा ठेवलेला असतो. तो एक बारने उतरवला तर कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी वाचते. ही तपासणी मालकाने स्वतः करावी, कर्मचाऱ्याला पाठवून करू नये. एकदा स्वतःच्या हाताला ती थंड हवा लागली, की पर्यावरणावरची दहा भाषणे ऐकून जे होत नाही ते होते.

उष्णा मिलमध्ये पाण्याचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. एक टन धान भिजवायला हजार लिटरहून अधिक पाणी लागते आणि त्यातले बरेचसे पिवळट, आंबूस वासाचे होऊन बाहेर पडते. त्यात धानातून विरघळलेला सेंद्रिय पदार्थ असतो. ते नाल्यात गेले की जीवाणू तो पदार्थ खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. बोअरवेलला मीटर बसवणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी भिजवण्याच्या पद्धतीची. थंड पाण्यात धान दोन-दोन दिवस ठेवले की आंबते, वास सुटतो, तांदळाचा रंगही बिघडतो. साठ-सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात तेच काम तीन-चार तासांत होते. पाणी गरम करायला भुसा घरचाच असतो. वासाच्या तक्रारीवर हा उपाय उदबत्तीपेक्षा आणि वकिलापेक्षा स्वस्त पडतो. उरलेल्या सांडपाण्यासाठी बंदिस्त टाकीत बायोगॅस तयार करण्याची सोय मोठ्या मिलला परवडते. लहान मिलवाल्यांनी दोघा-तिघांत मिळून ती उभारण्याचा विचार करावा. वर्गात हे गणित मांडताना खर्च लपवू नका. मिलवाला आकड्यांचा पक्का असतो, अर्धवट हिशेब त्याला लगेच कळतो आणि मग तो सांगणाऱ्यावरचा विश्वास काढून घेतो.

राखेची एक ट्रॉली धर्मकाट्यावर चढवा. वजन लिहा, महिन्याच्या ट्रॉल्या मोजा. भुशाच्या राखेत ऐंशी-नव्वद टक्के सिलिका असते. नीट जळालेली राख सिमेंटमध्ये मिसळता येते, पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूवर उष्णता राखायला वापरली जाते. पण ग्राहक एका मिलच्या राखेसाठी येत नाही. दहा मिलची राख एका ठिकाणी, एका प्रतीची मिळत असेल तर येतो. इथे एकट्याच्या हुशारीचा उपयोग संपतो आणि संघटनेचे काम सुरू होते. नेतृत्व शिकवायचा धडा हाच आहे: स्पर्धकाला फोन करून ‘राखेचे आपण मिळून बघू’ असे म्हणता येणे. कोंड्याचेही तसेच. ताज्या कोंड्यात पंधरा-वीस टक्के तेल असते, पण मिलमधून निघाल्यावर तो लगेच खवट होऊ लागतो. तेल काढणाऱ्या कारखान्यापर्यंत तो किती तासांत पोचतो यावर तो खाद्यतेलाला जाणार की हलक्या कामाला, हे ठरते.

मोजणीतली शेवटची गोष्ट कनकी आणि नासाडी. धान चौदा टक्के ओलाव्याच्या आसपास असताना भरडले तर तांदूळ कमी तुटतो. फार वाळले की तडकते, ओले असले की पिचते. एक किलो धान पिकवायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा हिशेब आहे. या हिशेबाने पन्नास किलोचे एक पोते आवारात पावसाने सडले, तर सव्वा लाख लिटर पाणी वाया गेले. ताडपत्री आणि चौथरा यांना कोणी पर्यावरणाचे काम म्हणत नाही. म्हणायला हवे.

एक गोष्ट आकड्यांत येत नाही, ती कामगाराच्या छातीत असते. भुशाची आणि राखेची धूळ हमाल दिवसभर श्वासात घेतो. प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक मालकाने एक पूर्ण पाळी भुसा-घराजवळ, हमालांच्या सोबत काढावी. सायक्लोन, बॅग फिल्टर, झाकलेले पट्टे यांच्या कोटेशनवर त्यानंतर सही करणे सोपे जाते.

कायद्याचा तास छोटा ठेवा. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती, तिच्या अटी, नूतनीकरणाची मुदत. आपले संमतीपत्र प्रत्येकाने वर्गात आणावे आणि त्यातल्या अटी मोठ्याने वाचाव्यात. सल्लागाराने काढून दिलेला तो कागद फाइलमध्ये पडून असतो, आणि मालकाने तो कधी वाचलेला नसतो.

बाजाराचा तास मात्र सविस्तर घ्यावा. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजाविषयीचा सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले. गोंदियातली मिल त्या यादीत नाही, पण तिचा तांदूळ, कोंडा किंवा पोहे विकत घेणारी कंपनी असू शकते. त्या कंपनीचा खरेदी अधिकारी उद्या विचारेल की टनामागे पाणी किती, वीज किती. ज्याच्या वहीत दोन वर्षांचे आकडे आहेत तो उत्तर देईल. केंद्राच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्र योजनेत सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत ठेवली आहे. ब्राँझपासून सुरुवात करता येते. वर वर्णन केलेली मोजणी झाली असेल तर त्यासाठी लागणारी निम्मी तयारी झालेलीच असते.

मोठा उद्योजकही ग्राहकाच्या प्रश्नानेच जागा होतो, याचे जगातले गाजलेले उदाहरण रे अँडरसन यांचे. अमेरिकेत ऑफिसांसाठी गालिच्यांच्या फरशा बनवणारी त्यांची इंटरफेस ही कंपनी होती. धंदा सारा पेट्रोलियमपासून बनलेल्या धाग्यावर चालणारा. १९९४ मध्ये ग्राहक विचारू लागले की तुमची कंपनी पर्यावरणासाठी काय करते. कर्मचाऱ्यांसमोर त्यावर बोलायची वेळ आली तेव्हा अँडरसन यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. त्याच सुमारास पॉल हॉकेन यांचे ‘द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स’ हे पुस्तक त्यांच्या हाती आले. वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी कंपनीची दिशा बदलली आणि २०२० पर्यंत कंपनीचा पर्यावरणावरचा वाईट परिणाम शून्यावर आणण्याचे ध्येय जाहीर केले. २०११ मध्ये ते वारले, काम पुढे चालू राहिले. या कथेतला आपल्या उपयोगाचा भाग हा की त्यांनी कंपनीचा कचरा, वीज, धागा यांचे मोजमाप कारखान्यातल्या कामगारांच्या गटांकडून सुरू केले आणि आकडे जाहीर केले.

मिलच्या फाटकाबाहेरचा अभ्यासक्रम आता सुरू होतो आणि गोंदियात तो शेतापासून सुरू होणार. मिलवाला धानाचा ग्राहक आहे. तो काय मागतो यावर शेतकरी काय पेरतो, काय फवारतो हे बरेच ठरते. धानाच्या बांधीत पाणी सतत साचून राहिले की चिखलातले जीवाणू मिथेन वायू तयार करतात आणि तो हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक पट प्रभावी आहे. आलटून पालटून पाणी देण्याची पद्धत यावर उपाय आहे. भोके पाडलेला पाइप बांधीत रोवायचा, आतली पाण्याची पातळी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरवर गेली की पुन्हा पाणी द्यायचे, फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी हटू द्यायचे नाही. यात पाणी तीस टक्क्यांपर्यंत वाचते आणि मिथेन जवळजवळ निम्म्यावर येतो. पावसाळी धानात हे साधणे अवघड, कारण पाऊस आपल्या हातात नसतो. पण इटियाडोह धरणाच्या कालव्यावर किंवा बोअरवर घेतल्या जाणाऱ्या उन्हाळी धानात ते शक्य आहे. दहा शेतकऱ्यांना असे पाइप देऊन त्यांचे धान वेगळे खरेदी करणे एका मिलला सहज जमण्यासारखे आहे. तांत्रिक मदतीला हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्र आहे, शेजारच्या जिल्ह्यात साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आहे.

आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी उरला तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, काही थोडे भंडारा आणि चंद्रपुरात. तो घरटे करतो ते तलावाच्या काठाला किंवा थेट धानाच्या बांधीत. विजेच्या तारांना धडकून आणि कीटकनाशकांच्या विषाने सारस मेले आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि जिल्हास्तरीय संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. गोंदियातल्या ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखत आले आहेत. ज्याच्या बांधीत घरटे होते त्या शेतकऱ्याचे थोडे धान तुडवले जाते, त्या भागात फवारणी थांबवावी लागते. हे नुकसान त्याने एकट्याने का सोसावे? ज्या धंद्याचे नावच गोंदियाच्या तांदळावर आहे, त्या धंद्याने घरट्याच्या बांधीतले धान जास्त भावाने घ्यावे. सारसाच्या नावाची पिशवी छापून तांदूळ विकण्याची कल्पना कोणालाही सुचेल. आधी शेतकऱ्याला पैसे, मग पिशवी, हा क्रम पाळणारा मालक मला पुढारी वाटतो.

तेंदूपत्त्याच्या व्यापाऱ्यांसाठी वर्गात वेगळी बैठक हवी. बिडीच्या धंद्याने या शहराला दीर्घकाळ पोसले. त्याच पैशातून इथे शाळा-महाविद्यालयेही उभी राहिली. पानांचा नवा फुटवा चांगला यावा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलाला आग लावण्याची जी जुनी खोड आहे, तिची किंमत मात्र भयंकर आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या वणव्यात आग विझवायला गेलेले तीन वनमजूर गेले. झुडपांची वेळेवर छाटणी केली तर आगीशिवायही फुटवा चांगला येतो. छाटणीची मजुरी आणि जाळरेषा काढण्याचा खर्च करारात लिहून घ्यावा, आणि ज्या गावच्या हद्दीत आग लागली नाही तिथल्या संकलकांना सत्तर पानांच्या पुड्यामागे वाढीव दर द्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया-गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. त्यांच्याशी बरोबरीने बसून असा करार करता येणे हे व्यापाऱ्याच्या प्रशिक्षणाचे खरे परीक्षापत्र.

तिरोड्याच्या ३३०० मेगावॉटच्या औष्णिक वीजप्रकल्पासारख्या मोठ्या उद्योगांचे अधिकारी वेगळ्या प्रतीचे प्रशिक्षण घेतलेले असतात. त्यांना वर्गात विद्यार्थी म्हणून बोलवा, पाहुणे म्हणून नको. त्यांच्याकडची मोजमापाची शिस्त लहान मिलवाल्यांनी घ्यावी, आणि गावच्या माणसाशी थेट बोलण्याची सवय त्यांनी मिलवाल्यांकडून.

आता वर्गाची रचना. पंधराहून अधिक मिल एका गटात घेऊ नका. प्रत्येक मिलमधून दोन माणसे हवीत: निर्णय घेणारा मालक आणि बॉयलर किंवा मशीन चालवणारा ऑपरेटर. एकटा मालक शिकून गेला तर मिलमध्ये त्याचे कोणी ऐकत नाही, आणि एकटा ऑपरेटर शिकला तर त्याला खर्चाची परवानगी मिळत नाही. अनेक घरांत हिशेब सून किंवा मुलगी पाहते. तिला तिसरी म्हणून आग्रहाने बोलवा, कारण आकड्यांतली विसंगती बहुधा तिलाच आधी दिसते. वर्ग हॉटेलच्या सभागृहात भरवू नका. दर महिन्याला एका मिलच्या आवारात भरवा आणि यजमान मिलने आपले आकडे सगळ्यांसमोर उघडे करावेत. पहिल्या महिन्यात कोणी तयार होणार नाही. संघटनेच्या अध्यक्षाने आपल्या मिलपासून सुरुवात करावी. भाषेचा बाऊ नको. गोंदियातल्या मिलमध्ये मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी एकाच आवारात चालतात, वर्गातही चालू द्या.

नागपूर रेल्वेने दोन तासांवर आहे. तिथे १९५८ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी आहे. सांडपाणी आणि धूर यांच्या तपासण्यांसाठी तिथल्या तज्ज्ञांना वर्षातून दोनदा बोलावता येईल. वाणिज्य महाविद्यालयाचे विद्यार्थी प्रत्येक मिलचा मासिक ताळेबंद मांडायला मदत करू शकतात. त्यांना अनुभव मिळतो, मिलला फुकट हिशेबनीस मिळतो. पण शिकवण्याचा निम्मा वेळ ढिवर महिला, सारस राखणारा शेतकरी, बॉयलरवरचा कामगार आणि मिलच्या मागे राहणारी वस्ती यांच्यासाठी राखून ठेवा.

वर्ष संपताना प्रमाणपत्र वाटू नका. तीन गोष्टी तपासा. मिलचा एक तरी आकडा बदलला का: युनिट, पाणी, राख, कनकी, काहीही. त्या मालकाने वर्गाबाहेरच्या एका मिलवाल्याला हे काम सुरू करायला लावले का. आणि त्याने आपले आकडे ग्रामपंचायतीसमोर किंवा वस्तीसमोर स्वतः उभे राहून वाचले का. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. लोक रागावतील, जुन्या तक्रारी काढतील. त्या ऐकून घेऊन पुढच्या वर्षीचा आकडा जाहीर करणारा माणूस तयार व्हावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. मिलच्या फाटकावर दर महिन्याला चार आकड्यांची पाटी लावायची सवय सहाव्या महिन्यापासूनच लावली तर ही सभा सोपी जाते.

सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. तेव्हा मिलवर काम कमी असते, रोवणी आटोपलेली असते आणि नवे धान यायला दोन महिने असतात. पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकाने चार गोष्टी आणाव्यात: मागच्या बारा महिन्यांची वीजबिले, भरडाईचे रजिस्टर, संमतीपत्राची प्रत आणि मिलच्या सांडपाण्याचा प्रवास दाखवणारा हाताने काढलेला नकाशा. नाली कुठे निघते, कोणत्या नाल्याला, बोडीला किंवा बांधीला मिळते, वाटेत कोणाची विहीर लागते. नकाशा काढताना पाण्याच्या मागे पायी चालत जावे आणि वाटेत भेटेल त्याला थांबून विचारावे, की हे पाणी इथवर येते तेव्हा कसे असते.